मुखवट्याची मालकी

मेक्सिको शहराच्या जुन्या वस्तीत, रेपुब्लिका दे पेरू या रस्त्यावर ७७ क्रमांकाला आरेना कोलिसेओ उभी आहे. बाहेरून तिला काही रुबाब नाही. आत मात्र प्रेक्षकांच्या रांगा रिंगभोवती इतक्या उभ्या चढत गेल्या आहेत की लोकांनी तिला ‘नरसाळं’ हेच नाव पाडलं. २ एप्रिल १९४३ रोजी ती सुरू झाली. ७ नोव्हेंबर १९५२ च्या रात्री या नरसाळ्याच्या तळाशी दोन मुखवटाधारी पैलवान समोरासमोर आले. एकाचा मुखवटा रुपेरी, दुसऱ्याचा काळा. पणाला पैसा नव्हता, अजिंक्यपदाचा पट्टाही नव्हता. हरेल त्याने साऱ्या लोकांसमोर मुखवटा उतरवायचा, एवढीच अट होती.

रुपेरी मुखवट्यामागे होता एल सान्तो. काळ्यामागे ब्लॅक शॅडो. लुचा लिब्रे म्हणजे मेक्सिकोची व्यावसायिक कुस्ती, आणि तिच्यात तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी. ‘दोस दे त्रेस काइदास, सिन लिमिते दे तिएम्पो’ अशी निवेदकाची ललकारी असते: तीनपैकी दोन फेऱ्या, वेळेची मर्यादा नाही. ती लढत तासाहून जास्त चालली. ब्लॅक शॅडो हरला आणि मुखवटा उतरला. अशा वेळी हरलेल्याला आपलं खरं नाव आणि गाव सांगावं लागतं, ही तिथली रीत. अलेहान्द्रो क्रूस ऑर्तिस, राहणार लेओन. त्या क्षणापासून काळा मुखवटा त्याला कायमचा बंद झाला.

ब्लॅक शॅडोचा एक जोडीदार होता, ब्ल्यू डेमन. दोघे ‘शॅडो बंधू’ म्हणून जोडीने लढत. सख्खे भाऊ नव्हते, रिंगणातले भाऊ होते. ब्ल्यू डेमनचं खरं नाव अलेहान्द्रो मुन्योस मोरेनो. उत्तरेकडच्या नुएवो लेओन राज्यातल्या शेतकरी घरातला हा मुलगा काही काळ रेल्वेत राबला आणि मोन्तेर्रेयमध्ये रोलान्दो वेरा या वस्तादाच्या हाताखाली तयार झाला. भावाचा चेहरा उघडा पडलेला पाहून त्याने सूड घ्यायचा विडा उचलला, असं लुचाच्या दुनियेत आजही सांगतात. हा सूड नुसता बोलण्यापुरता राहिला नाही. पुढच्या वर्षी त्याने सान्तोला एकास एक लढतींत हरवलं आणि २५ सप्टेंबर १९५३ रोजी त्याच्याकडून जागतिक वेल्टरवेट अजिंक्यपदही काढून घेतलं. १९५८ पर्यंत ते त्याच्याकडे होतं.

लुचातले निकाल आधी ठरलेले असतात, हे मेक्सिकोतलं शाळकरी पोरही जाणतं. म्हणून त्यातलं सगळंच खोटं, असं म्हणायला मी तयार नाही. उंचावरून घेतलेली झेप खरी असते, पाठ जमिनीवर आदळते ती खरीच आदळते. आणि मुखवटा गेला की खरोखर जातो. एकदा उघडा झालेला चेहरा कुठल्याही करारनाम्याने परत झाकता येत नाही. कारकुनी टेबलावर ठरलेल्या निकालाने माणसाच्या आयुष्यात कायमचा बदल होतो, ही लुचाची सगळ्यात विलक्षण गोष्ट आहे. सूडाला तिथे वजन येतं ते यामुळे.

मुखवट्याची ही प्रथा प्राचीन अझ्टेकांपासून चालत आली आहे असं पुष्कळदा ऐकायला मिळतं. लुचाचा इतिहास त्याहून बराच अलीकडचा आहे. साल्वादोर लुत्तेरोथ या गृहस्थाने अमेरिकेच्या टेक्सासमध्ये व्यावसायिक कुस्ती पाहिली आणि २१ सप्टेंबर १९३३ रोजी मेक्सिकोत तिचे खेळ सुरू केले. पुढच्याच वर्षी एका अमेरिकी पैलवानाला मुखवटा हवा होता. तो शिवला आन्तोनिओ मार्तिनेस नावाच्या चांभाराने. मूळचा लेओनचा, म्हणजे मेक्सिकोतल्या जोड्यांच्या राजधानीचा. बुटासाठी पावलाचं माप घ्यावं तसं त्याने डोक्याचं माप घेतलं. तशी १७ मापं घेतली, असं सांगतात. चामड्याचे तुकडे जोडले आणि मागे बुटासारखी नाडी ओवली. आजचे मुखवटे ताणल्या जाणाऱ्या कापडाचे असतात, पण मागची नाडी कायम आहे. लढतीत प्रतिस्पर्ध्याची बोटं त्या नाडीकडे वळली की सगळं नरसाळं उभं राहतं.

मुखवटा पणाला लावण्याची चाल १९४० ची. हेसूस वेलास्केस हा ‘मुर्सिएलागो’, म्हणजे वाघूळ, या नावाने मुखवटा घालून लढायचा. ऑक्ताविओ गाओना त्याच्याहून वजनदार. वेलास्केसने अट घातली की मी हरलो तर मुखवटा देईन, पण तू हरलास तर तुझे केस भादरायचे. तो हरला आणि मुखवटा गेला. त्या दिवसापासून पैलवानाची अब्रू पणाला लावता येते, हे लोकांनी पाहिलं.

आता सान्तोकडे. रोदोल्फो गुस्मान उएर्ता, जन्म २३ सप्टेंबर १९१७, इदाल्गो राज्यातल्या तुलान्सिंगो गावचा. त्याने आधी ‘दुसरा मुर्सिएलागो’ म्हणून लढायला सुरुवात केली होती. मूळ वाघळाने तक्रार केली आणि नाव सोडावं लागलं. १९४२ मध्ये त्याच्या व्यवस्थापकाने रुपेरी पोशाखाचे पैलवान उभे करायचं ठरवलं आणि त्याच्यापुढे तीन नावं ठेवली: संत, सैतान आणि देवदूत. त्याने संत निवडलं. नाव संताचं, पण लढण्याची रीत गुंडाची. लुचात दोन पक्ष असतात. नियमाने लढणारे तेक्निको आणि नियम मोडणारे रुदो. सान्तो रुदो होता, आणि एक-दोन हंगामांपुरता नव्हे, तब्बल वीस वर्षं, १९६२ पर्यंत.

म्हणजे १९५२ च्या त्या रात्री, नंतर संतपदाला पोहोचलेला हा माणूस खलनायकच होता. न्यायाची बाजू होती ब्लॅक शॅडोची आणि त्याच्यासाठी उभ्या राहिलेल्या ब्ल्यू डेमनची. आणि तरीही, त्या लढतीच्या जेमतेम दोन महिने आधी, सप्टेंबर १९५२ मध्ये मेक्सिकोच्या पेपरवाल्यांकडे एक नवं साप्ताहिक लटकू लागलं होतं. त्याचा नायक होता सान्तो. त्यात तो अनाथांचा वाली होता, दुबळ्यांचा कैवारी होता, ग्वादालुपेच्या मातेचा भक्त होता. रात्री पेरू रस्त्यावर डोळ्यांत बोटं घालणारा माणूस सकाळी कागदावर चेटकिणींशी लढून लेकराबाळांना सोडवत होता.

हे घडवून आणणारा माणूस म्हणजे होसे ग्वादालुपे क्रूस. जन्म १९१७, हालिस्को राज्यातलं तेओकाल्तिचे. सान्तोचा समवयस्क. मेक्सिकोत त्या काळी चित्रकथांचं अफाट वेड होतं. ‘पेपीन’ हे चित्रकथांचं मासिक नव्हे, दैनिक होतं, आणि इतकं घरोघरी पोचलेलं की चित्रकथांना लोक सरसकट ‘पेपीनेस’च म्हणू लागले. क्रूस त्या गिरणीत घडला. ‘आदेलिता ई लास गेर्रियास’ ही त्याची क्रांतिकाळातल्या स्त्रीची मालिका गाजली. सिनेमाच्या पटकथा त्याने लिहिल्या, पडद्यावर कामंही केली. पुढे स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि सान्तोला तिच्यात आणलं.

क्रूसची खासियत फोटोमॉन्ताज. हे तंत्र जवळून पाहण्यासारखं आहे. जिवंत माणसं स्टुडिओत उभी करायची. सान्तो स्वतः यायचा, झग्यासकट पवित्रा घ्यायचा. फोटो काढायचे, कात्रीने माणसाच्या कडेकडेने कापायचे आणि पुठ्ठ्यावर चिकटवायचे. मागे गुहा, स्मशान, वाडा, जे हवं ते कुंचल्याने रंगवायचं. कडा कुंचल्याने मिटवायच्या. वर संवादाचे फुगे. हे सगळं तपकिरी शाईत छापलेलं. पानावर नजर टाकली की प्रथम गोंधळायला होतं. सान्तोच्या दंडावरची शीर खरी आहे, त्याच्या मुखवट्यावर पडलेला दिव्याचा उजेड खरा आहे, आणि त्याच्या मुठीसमोरचा राक्षस मात्र शाईचा. माणसाची सावली एका बाजूला पडते, झाडाची दुसऱ्या. दोन पात्रांची नजर एकमेकांना कधी भेटत नाही, कारण त्यांचे फोटो वेगवेगळ्या वेळी काढलेले. आणि तरी ते पान धडधडतं. हाताने काढलेला नायक कितीही सुरेख असो, तो कुठेतरी असेल असं वाचकाला वाटत नाही. हा नायक होता. शुक्रवारी तिकीट काढलं की दिसत होता. मुखपृष्ठावर ‘ऊना रेविस्ता आतोमिका’ अशी जाहिरात असायची, अणुशक्तीच्या जोराचं नियतकालिक. अणुबॉम्ब पडून जेमतेम सात वर्षं झाली होती आणि अणूचं नाव अजून भीतीबरोबर भविष्याचंही होतं.

फोटोमॉन्ताजला मुखवटा किती सोयीचा पडला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फोटोतल्या चेहऱ्यावर भाव असतात आणि भाव गोष्टीशी जुळावे लागतात. मुखवट्याला ती अडचण नाही. तोच फोटो रागाच्या चौकटीत लावा, दयेच्या चौकटीत लावा, प्रार्थनेच्या चौकटीत लावा. वाचक आपल्या मनातला भाव त्यावर चढवतो. रिंगणात ज्या रुपेरी पृष्ठभागात लोकांना क्रौर्य दिसत होतं, त्यातच कागदावर करुणा दिसू लागली. ओक्ताविओ पास यांनी १९५० मध्ये, म्हणजे या साप्ताहिकाच्या दोनच वर्षं आधी, मेक्सिकन माणूस स्वतःला मुखवट्याआड कसा कोंडून घेतो यावर एक संपूर्ण प्रकरण लिहिलं होतं. १९६२ ते ६८ या काळात दिल्लीत राजदूत म्हणून राहिलेले हेच पास. त्यांच्या लेखी मुखवटा म्हणजे माणसाचं एकटेपण. नरसाळ्यात आणि चित्रकथेत मात्र मुखवटा माणसाला हजारोंच्या हवाली करतो. पास यांच्या प्रतिभेबद्दल पूर्ण आदर ठेवूनही मला वाटतं की लुचातला मुखवटा त्यांच्या त्या मांडणीत मावत नाही.

एक गोष्ट क्रूसच्या पथ्यावर पडली. १९५० च्या सुमारास टीव्हीवर लुचा दाखवायला सुरुवात झाली होती, पण दशकाच्या मध्यावर मेक्सिको शहराच्या प्रशासनाने ती बंद केली. मुलं घराघरांत एकमेकांवर उड्या मारतात, अशी ओरड होती. आता राजधानीबाहेरच्या गावातल्या पोराने सान्तो बघायचा कुठे? साप्ताहिकात, आणि थोड्या वर्षांनी सिनेमात. रुदो सान्तो कसा लढतो हे प्रत्यक्ष पाहिलेले लोक नरसाळ्यातल्या बाकांपुरते. कागदावरचा सान्तो देशभर पोचला. १९६२ मध्ये सान्तोने रिंगणातही पक्ष बदलला आणि तेक्निको झाला. याला लोक त्याचं हृदयपरिवर्तन समजतात. दहा वर्षं कागद जे सांगत होता ते रिंगणाला मान्य करावं लागलं, असं मी म्हणेन.

सिनेमाचं सांगायचं तर पहिली संधी सान्तोने स्वतः नाकारली. ‘एल एन्मास्कारादो दे प्लाता’, म्हणजे ‘रुपेरी मुखवटाधारी’, हा बोलपट क्रूसच्याच लेखणीतला, नाव सान्तोच्याच बिरुदाचं. पण तो चालणार नाही असं सान्तोला वाटलं आणि ती भूमिका मेदिको आसेसिनो या दुसऱ्याच पैलवानाने केली. पुढे १९५८ च्या अखेरीला, क्रांती दारात उभी असताना, क्युबात सान्तोचे पहिले दोन चित्रपट घाईघाईत चित्रित झाले. सगळे मिळून पन्नासच्या वर. व्हॅम्पायर बायका, झोम्बी, मंगळावरचे लोक. झगा घालून, मुखवट्यासकट टेबलाशी बसून कागदपत्रं वाचणारा सान्तो प्रेक्षकांनी विनातक्रार स्वीकारला, कारण चित्रकथेने त्यांची नजर आधीच तयार केली होती.

आणि ब्ल्यू डेमन? त्याचे चित्रपट आले १९६४ नंतर. मग दोघांना एकत्र घेऊन चित्रपट निघू लागले, आणि रिंगणात ज्याने सान्तोला हरवलं तो पडद्यावर त्याचा जोडीदार झाला, दुसऱ्या क्रमांकाचा. ‘लास मोमियास दे ग्वानाहुआतो’ बघताना माझा जीव ब्ल्यू डेमनसाठी तुटतो. सबंध चित्रपटभर तो आणि मिल मास्कारास हा आणखी एक पैलवान जिवंत झालेल्या ममींशी झुंजतात, मार खातात. शेवटी सान्तो गाडीतून येतो, ज्वाळा ओकणारी पिस्तुलं काढतो आणि सगळ्या ममी जाळून टाकतो. श्रेय त्याचं. ब्ल्यू डेमनला या वागणुकीचा राग होता आणि तो त्याने लपवला नाही. १९५३ चा त्याचा सूड खरा होता, लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. पण त्या सूडाची गोष्ट सांगायला त्याच्याजवळ क्रूस नव्हता. सान्तोजवळ दर आठवड्याला होता.

मग कागदाने सान्तोचाही हिशेब केला. सत्तरच्या दशकात क्रूस आणि सान्तो यांच्यात पैशावरून बिनसलं. सान्तोला वाढीव मोबदला हवा होता. क्रूसने त्याला वगळलं आणि त्याच्या जागी एक्तोर प्लिएगो नावाच्या शरीरसौष्ठवपटूला रुपेरी मुखवटा चढवून कॅमेऱ्यासमोर उभं केलं. कपाळावर ‘एस’ हे अक्षर घातलं, की हा निराळा मुखवटा म्हणता यावा. प्रकरण कोर्टात गेलं. साप्ताहिक मात्र निघत राहिलं, नायक तसाच दुबळ्यांसाठी लढत राहिला. फक्त आतला माणूस दुसरा होता.

या तंट्यात मी सान्तोच्या बाजूचा आहे. आयुष्यभर ज्या माणसाने आपला चेहरा जपला, जेवताना हनुवटीपाशी मोकळा असलेला वेगळा मुखवटा वापरला, त्याला हा व्यवहार किती लागला असेल. पण क्रूसचा डाव ज्या फटीतून शिरला ती फट सान्तोनेच राखली होती. चेहरा कुणी पाहिलाच नसेल तर हा तो नव्हे असं म्हणणार कोण? ब्लॅक शॅडोच्या बाबतीत असं कुणाला करता आलं नसतं. त्याचा चेहरा १९५२ पासून लोकांच्या ओळखीचा होता, आणि तो पुढे कितीतरी वर्षं त्याच उघड्या चेहऱ्याने लढला, लोकप्रियही राहिला. हरण्यातून त्याला जे मिळालं ते जिंकणाऱ्याला मिळालं नाही.

आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्यांना वेताळ माहीत आहे. बापाचा मुखवटा मुलाकडे येतो आणि जगाला वाटतं की तोच एक माणूस शतकानुशतकं जगतो आहे. सान्तोच्या घरात हे प्रत्यक्ष घडलं. १९८२ मध्ये त्याचा मुलगा ‘एल इहो देल सान्तो’, सान्तोचा पुत्र, या नावाने तोच रुपेरी मुखवटा घालून रिंगणात उतरला. जानेवारी १९८४ मध्ये सान्तोने टीव्हीवरच्या ‘कोन्त्रापुन्तो’ या कार्यक्रमात मुखवटा थोडा वर सरकवून चेहरा दाखवला. कुणी हरवलं नव्हतं, कुणी मागितलाही नव्हता. ५ फेब्रुवारीला तो हृदयविकाराने गेला. त्याला मुखवट्यासकट पुरलं. ब्ल्यू डेमन १९८९ मध्ये मुखवटा न गमावता निवृत्त झाला, २००० मध्ये वारला, आणि त्यालाही मुखवट्यासकटच पुरलं. क्रूस १९८९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये वारला.

मुखवटा कुणाच्याही मालकीचा होऊ शकतो, ही गोष्ट मेक्सिकोच्या गरिबांनी क्रूसहून फार चांगल्या कामासाठी वापरली. १९८५ च्या भूकंपाने राजधानीत असंख्य भाडेकरू बेघर झाले. १९८७ मध्ये लाल-पिवळ्या पोशाखातला सुपरबारिओ नावाचा मुखवटाधारी घरमालकांच्या दारात उभा राहू लागला. घर रिकामं करवून घ्यायला आलेल्यांना अडवायचा, मोर्चे काढायचा, सरकारी अधिकाऱ्यांशी मुखवट्यातूनच वाटाघाटी करायचा. तो कोण, हे विचारण्यात अर्थ नव्हता. क्रूसच्या साप्ताहिकावर वाढलेल्या पिढीला असा माणूस रस्त्यावर दिसला तर काय करायचं हे ठाऊक होतं.

आणि ज्यांना रिंगणाचं दारच बंद होतं त्यांचं काय? मेक्सिको शहरात बायकांच्या लढतींवर १९५० च्या दशकात बंदी आली आणि ती १९८६ पर्यंत टिकली. नेमक्या त्या शेवटच्या वर्षांत, सरहद्दीपलीकडे कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डचे हर्नांदेस बंधू ‘लव्ह अँड रॉकेट्स’ ही चित्रकथा-मालिका काढू लागले होते. १९८१ मध्ये स्वखर्चाने, मग १९८२ पासून फॅन्टाग्राफिक्स या प्रकाशनसंस्थेकडून. त्यांची आई चित्रकथांची शौकीन, घरात त्यांचा ढीग. त्यातल्या हायमेने बायका-पैलवान काढल्या: रेना तितान्योन, एके काळची अजिंक्य, आता अंगातली ताकद ओसरू लागलेली, आणि विकी ग्लोरी, तिची जुनी वैरीण. दोघींमध्ये सूड आहेच. पण हायमेने चेहरे उघडे ठेवले, आणि हरलेल्या बाईचं वय, तिची दुखरी पाठ, तिचा न गेलेला राग पानोपान काढला. रिंगणाबाहेर या बायका भाड्याच्या खोल्यांत राहतात, जुन्या मैत्रिणींकडे मुक्काम टाकतात, पैशाची ओढाताण काढतात. १९९६ मध्ये ‘व्हो नेली!’ या मालिकेत त्याने दोन मैत्रिणींची गोष्ट घेतली, ज्या रिंगणात एकमेकींसमोर उभ्या राहतात. ब्लॅक शॅडोची बाजू कुणी दर आठवड्याला छापली असती तर ती कशी दिसली असती, हे कळायला माझ्या वाचनात हायमेच्या पानांएवढं जवळचं दुसरं काही नाही.